“टीचर, मग तुमचा दादा?”

पत्र : खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. घरात आई, थोरला भाऊ आणि त्या. वडील वारले. मराठी ख्रिस्ती कुटुंब, मंडळीत (चर्चमध्ये) तिसरी पिढी. भाऊ उपासनेत ढोलकी वाजवायचा, तरुण संघाचं सगळं बघायचा. तीन वर्षांपूर्वी निपाणीजवळ हायवेवर त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला आणि डोक्याला मार बसला. जीव वाचला, पण आता तो तुटक बोलतो, माणसं कधी ओळखतो, कधी नाही. अधूनमधून फिट येते, गोळ्या चालू आहेत. पूर्वी आवाज चढवून न बोलणारा हा माणूस आता एकदम भडकतो आणि मराठी-कानडी दोन्हीतल्या शिव्या देतो.

ताई शब्बाथ शाळेत (चर्चच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) लहान मुलांना शिकवतात. ‘देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा केला’ हा पाठ घेताना त्यांनी मुलांना सांगितलं, “आपण विचार करतो, बोलतो, बरं-वाईट ओळखतो, प्रार्थना करतो. जनावरं हे करत नाहीत. म्हणून आपण देवाच्या प्रतिरूपाचे.” पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “टीचर, मग तुमचा दादा?” ताई म्हणाल्या, “पुढच्या रविवारी सांगते.” त्यानंतर त्या वर्गावर गेलेल्याच नाहीत.

त्यातच प्रभुभोजनाच्या (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) रविवारी लाऊडस्पीकर किंचाळला, भाऊ ओरडत उठला आणि प्याल्यांचा ट्रे उडाला. दोन दिवसांनी कमिटीतले एक गृहस्थ घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, “थोडे दिवस त्याला घरीच ठेवा. तसंही त्याला काय कळतंय?” आईला कुणीतरी एका प्रार्थना सभेबद्दल सांगितलंय. तिथे दुष्टात्मा काढतात म्हणे, पण ‘गोळ्या बंद करून या’ अशी अट आहे. शिवाय ताईंना पुण्याचं एक स्थळ आलंय आणि त्या नाही म्हणायच्या विचारात आहेत.

त्यांचे प्रश्न असे : माझ्या भावात देवाचं प्रतिरूप उरलंय का? उरलं नसेल तर मी रोज ज्याचं करते तो कोण आहे? पुनरुत्थानाच्या दिवशी मला कोणता दादा भेटेल, आधीचा की आत्ताचा? आणि मी आता काय करू?

उत्तर :

प्रिय ताई,

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमचे बाकीचे प्रश्न त्यातूनच निघालेत. हो, तुमचा दादा देवाच्या प्रतिरूपाचा आहे. अपघाताच्या आदल्या दिवशी जितका होता तितकाच आजही आहे. तुमची समजूत काढायला मी हे म्हणत नाही. माणूस म्हणजे कोण, याबद्दलची ख्रिस्ती शिकवणच अशी आहे. ती नीट समजून घेतली तर कमिटीला काय सांगायचं आणि आईला काय सांगायचं, हेही तुम्हाला सापडेल. म्हणून जरा लांबून सुरुवात करते.

तुम्ही मुलांना जे सांगितलंत ते तुमच्या मनचं नव्हतं. फार मोठ्या लोकांनी तसं शिकवलंय. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन (इ.स. ३५४ ते ४३०) यांनी देवाचं प्रतिरूप माणसाच्या मनात शोधलं. स्मरण, समज आणि इच्छा या तीन गोष्टींत त्यांना त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा एकाच देवाची, छाया दिसली. तेराव्या शतकात दुसरे मोठे धर्मपंडित थॉमस अक्विनास यांनीही प्रतिरूपाचं ठिकाण म्हणून बुद्धीकडेच बोट दाखवलं. तेच पुढे झिरपत झिरपत आपल्या शब्बाथ शाळेच्या पाठापर्यंत आलं. पण येताना अर्धी गोष्ट वाटेत गळली. ऑगस्टीन यांनी असंही लिहिलंय की हे प्रतिरूप झिजून जवळजवळ दिसेनासं झालं, मळलं, विद्रूप झालं, तरी ते माणसात राहतंच. अक्विनास यांनी त्यांचा हाच विचार उचलला आणि ज्यांना बुद्धी वापरता येत नाही अशा माणसांची नावानिशी गणना त्यात केली. बुद्धीला सर्वात वरचं आसन देणाऱ्या या दोघांनीसुद्धा ‘बुद्धी गेली की माणूसपण गेलं’ असं म्हटलेलं नाही. ते आपण परस्पर जोडलं.

आता बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा पहिला अध्याय पुन्हा वाचा, पाठाचं पुस्तक बाजूला ठेवून. देवानं माणसाला आपल्या प्रतिरूपाचा केलं, इतकंच तिथे आहे. प्रतिरूप म्हणजे अक्कल, की वाचा, की सदसद्विवेक, याची यादी तिथे नाही. पुढे लगेच “नर व नारी अशी ती निर्माण केली” असं येतं, मग आशीर्वाद, आणि मग पृथ्वी सांभाळायचं काम. त्या काळी मिसर (इजिप्त) आणि बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) मुलखात देवाची प्रतिमा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे राजा यायचा. गुलामाला किंवा शेतमजुराला तसं सहसा कोणी म्हणत नसे. उत्पत्तीनं तो मान सरसकट सगळ्या माणसांना दिला, आणि देताना कुणाची परीक्षा घेतली नाही. पुढे माणूस पापात पडला, जलप्रलय झाला, तरी नवव्या अध्यायात देव नोहाला बजावतो की माणसाचं रक्त सांडू नको, कारण माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. याकोबाचं पत्र तर शेकडो वर्षांनंतरचं. त्यात तो मंडळीतल्या लोकांनाच झापतो : ज्या तोंडानं देवाची स्तुती करता त्याच तोंडानं देवाच्या प्रतिरूपाच्या माणसांना शाप कसे देता? इथे समोरचा माणूस कसा आहे, हुशार की मंद, पुण्यवान की पापी, याची चौकशीच नाही.

शेत पडीक पडलं म्हणून उताऱ्यावरचं नाव कोणी खोडत नाही. प्रतिरूपाचं असंच आहे असं मला वाटतं. आपण आपल्याला काय पिकवता येतं ते मोजत बसतो. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उताऱ्यावर नाव कुणाचं आहे ते सांगतं.

जनावरांची तुलनाही थोडी सैल करा. जमिनीवरचे प्राणी आणि माणूस उत्पत्तीत एकाच सहाव्या दिवशी निर्माण झालेत. दुसऱ्या अध्यायात देव माणसाला जमिनीतल्या मातीचा घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो. त्या मातीत हातपाय आले, काळीज आलं, आणि मेंदूही आला. पत्रात तुम्ही लिहिलंय, “दादाचा आत्मा कधीच निघून गेला, आता नुसतं शरीर फिरतंय असं वाटतं.” असं का वाटतं ते कळतं मला. पण खरा माणूस म्हणजे आत बसलेलं एक शहाणं मन आणि शरीर म्हणजे त्याचं टरफल, ही समजूत पवित्र शास्त्रातली नव्हे. शास्त्रात माणूस सबंध आहे. श्वास चालू असलेली ती माती म्हणजेच तो. मेंदूला इजा झाली, म्हणजे दादाच्या मातीला इजा झाली. देवाकडचा काही भाग त्याच्यातून काढून नेला असं झालेलं नाही.

यावरून एक जुना वाद आठवतो. तो तुमच्यासाठी मुद्दाम सांगते, कारण आपल्या व्याख्यानमाला आणि शिबिरांत तो फारसा येत नाही. चौथ्या शतकात अपॉलिनॅरिस नावाचे एक बिशप होते. त्यांचं म्हणणं असं की येशूचं शरीर माणसाचं होतं, पण मानवी मनाच्या जागी देवाचा शब्दच, म्हणजे देवपुत्र स्वतःच, होता. माणसाचं मन चंचल आणि दुबळं, ते प्रभूला कसं शोभेल, असा त्यांचा हिशेब. मंडळीनं ते मानलं नाही. इ.स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनं ही शिकवण नाकारली. त्याच काळातले बिशप, नाझियान्झसचे ग्रेगरी, यांनी दिलेलं कारण आजही वाचण्यासारखं आहे : ख्रिस्तानं जे स्वतः घेतलं नाही ते बरंही झालं नाही. म्हणजे तारण मनालाही हवंय, म्हणून त्यानं मनही घेतलं. पुढे इ.स. ४५१ मध्ये खाल्किदोनच्या परिषदेनं ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य असल्याचं ठामपणे मांडलं. तुमच्या घराच्या दृष्टीनं याचा अर्थ मोठा आहे. मन म्हणजे आपल्यातला देव नव्हे. मनही निर्माण केलेलं आहे, त्यालाही मार लागतो, आणि प्रभूनं ते मारासकट आपलं मानलंय.

कलस्सैकरांच्या पत्रात अदृश्य देवाचं प्रतिरूप म्हणून नाव येतं ते ख्रिस्ताचं. मग माणूस कसा असतो हे त्याच्याकडे बघूनच ठरवायला हवं. तो शोमरोनात विहिरीपाशी दमून बसला. नावेत झोपला. आपला मित्र लाजर याच्या कबरेशी रडला. शेवटी वधस्तंभावर हात हलवता येत नाहीत, पाणी दुसऱ्यानं ओठांना लावायचं, अशा अवस्थेत होता. त्या घटकेला तो देवाचं प्रतिरूप कमी होता, असं म्हणायची कुणाही ख्रिस्ती माणसाची हिंमत होणार नाही. मग दुसऱ्याच्या हातून पेज पिणाऱ्या दादाबद्दल आपण ते कसं म्हणायचं?

एवढं सगळं खरं असलं, तरी तुमचं दुःख त्यानं नाहीसं होणार नाही, आणि व्हावं अशी माझी अपेक्षाही नाही. ज्याच्याशी तुम्ही रात्री अकरापर्यंत गप्पा मारायचा तो भाऊ तुम्हाला रोज भेटत नाही. माणूस डोळ्यांसमोर असताना त्याच्यासाठी शोक करावा लागतो, आणि तो करायला कुणी जागाच देत नाही. ना तिसरा दिवस, ना कुणी भेटायला येत. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढा. त्याचा शेवट काळोखात होतो, ‘तरीही मी तुझी स्तुती करीन’ असं वळण त्यात येतच नाही. तरी ते शास्त्रात आहे. सध्या तेच तुमचं स्तोत्र असेल तर तेच म्हणा.

शिव्यांबद्दल. आईला वाटतं की हे पाप त्याच्या आत आधीपासून दडलेलं होतं आणि आता बाहेर आलं. आईंना माझ्यातर्फे सांगा, तसं नाही. मेंदूचा पुढचा भाग राग आवरायचं काम करतो. तिथे मार बसला की सभ्यातला सभ्य माणूसही भडकतो, शिव्या देतो. डॉक्टरांना हे रोज दिसतं. पापाला माणसाचा होकार लागतो. जिथे होकार द्यायची ताकदच दुखावलीय तिथे पापाचा हिशेब मांडणं अन्याय आहे. आणि हो, त्याचा हात तुमच्यावर उठला तर तुम्ही खोलीबाहेर जा, दार ओढून घ्या. तो देवाच्या प्रतिरूपाचा आहे म्हणजे तुम्ही मार खायचा, असं मुळीच नाही. तुम्हीही त्याच प्रतिरूपाच्या आहात.

प्रार्थना सभेबद्दल मी कडक बोलणार आहे. फिटच्या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. त्या अचानक थांबवल्या तर एकामागून एक फिट येत राहून जीव जाऊ शकतो. आईंचा विश्वास मी हलका करत नाही. प्रार्थना करा, मंडळीतल्या लोकांना डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला बोलवा. पण गोळ्या सोडायची अट घालणाऱ्यांकडे नेऊ नका, मग ते कितीही मोठे सेवक असोत. आई मत्तयाच्या सतराव्या अध्यायातला मुलगा दाखवतील, ज्याला फेफरं येई आणि येशूनं भूत काढलं. तेव्हा त्यांना त्याच मत्तयाचा चौथा अध्याय दाखवा. तिथे येशूकडे आणलेल्या आजाऱ्यांत भूतग्रस्त वेगळे आणि फेफरेकरी वेगळे मोजलेत. दादाला कशानं झालं हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. रस्त्यावर डोकं आपटल्यानं झालं. ‘दुष्टात्मा’ म्हटलं की त्याच्या दुखण्यावर लाज चढते, आणि त्या लाजेनं तुमच्या घराचं दार बंद होतं.

आता मंडळी. “त्याला काय कळतंय?” हे वाक्य म्हणणारे गृहस्थ वाईट असतील असं मला वाटत नाही. ट्रे सांडल्यानं ते घाबरले असावेत. पण त्यांच्या वाक्याला उत्तर द्यायलाच हवं, आणि ते तुमच्या मंडळीच्या स्वतःच्या रीतीत आहे. दादाचा बाप्तिस्मा लहानपणी झाला असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा त्याला काय कळत होतं? काहीही नाही. पाळकांनी त्याला हातात घेतलं, नाव घेतलं, डोक्यावर पाणी घातलं आणि साऱ्या मंडळीनं कबूल केलं की हे मूल आमचं. मेथडिस्ट परंपरेचे जॉन वेस्ली सांगत की देवाची कृपा माणसाच्या समजुतीआधी चालत येते. एका अक्षराचीही समज नसताना ज्याला आत घेतलं, त्याला समज कमी झाली म्हणून बाहेर कसं बसवायचं? हे पाळकांना सांगा. भांडू नका, पण तोंडी कुजबुजही करू नका. वेळ मागून घ्या आणि पाळकांच्या घरी जाऊन बोला.

प्रभुभोजनाबद्दलही विचारा. अक्विनास यांनी हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वी घेतला होता. आधी शुद्धीत असताना ज्यांनी या भोजनाबद्दल भक्ती दाखवली, त्यांची बुद्धी पुढे गेली तरी मरणकाळी त्यांना ते द्यावं, असं त्यांनी लिहिलं. नियम प्रत्येक मंडळीचे वेगळे असतात, म्हणून निर्णय तुमच्या पाळकांचा. पण दादा तर पूर्ण सभासद होता. मला विचाराल तर त्याला द्यावं, आणि मरणाची वाट न बघता द्यावं. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण छप्पर उकलून पक्षाघाती माणसाला खाली सोडतात. येशू त्यांचा विश्वास पाहून बोलतो. खाटेवरचा तो माणूस त्या प्रसंगात तोंडातून एक शब्द काढत नाही. दादाच्या खाटेचा एक कोपरा तुमच्या हातात आहे, एक आईच्या. उरलेले दोन कोपरे मंडळीनं धरायचे आहेत.

उपासनेला नेण्याच्या बाबतीत थोडी व्यवहाराची हुशारी लागेल. दादा शब्दांनी भडकला नव्हता, लाऊडस्पीकरच्या किंचाळण्यानं भडकला होता, हे तुम्हीच लिहिलंय. मग त्याला स्पीकरपासून लांब, बाजूच्या दारापाशी बसवा, दर वेळी त्याच बाकावर. गर्दीची, लांबलचक उपासना टाळून लहान उपासना निवडा. अर्ध्या तासात थकला तर उठून या, कुणाची माफी मागायची गरज नाही. तरुण संघातल्या, त्याच्याबरोबर वाजवणाऱ्या एकाला सांगा, दर रविवारी याच्या शेजारी बस. एखादा रविवार जमणारच नाही. त्या दिवशी पाळकांनी घरी यावं. घरीच ठेवणं हा कायमचा तोडगा मला मान्य नाही. निस्साचे ग्रेगरी, मघाच्या ग्रेगरींचे स्नेही, म्हणत की देवाचं प्रतिरूप पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सबंध मानवजातीत मिळून आहे. तसं असेल तर दादाचा बाक रिकामा राहिल्यानं मंडळीचंच काहीतरी कमी पडतं.

पत्राच्या शेवटी, सही झाल्यावर, तुम्ही दोन ओळी जोडल्यात. गीत सुरू झालं की दादा डाव्या हाताची दोन बोटं मांडीवर आपटतो, आणि ठेका चुकत नाही. आणि त्याची दाढी तुम्ही अजूनही दर शनिवारी संध्याकाळी करता, उपासनेला जायचं असो वा नसो. बोटांवरून मी मोठा निष्कर्ष काढणार नाही. ती हलायची थांबली तरी वर लिहिलेलं सगळं तसंच राहील. पण ढोलकी कपाटातून काढून त्याच्याजवळ ठेवायला काय हरकत आहे? वाजवली तर वाजवली. रोमकरांच्या पत्रात लिहिलंय की आपल्याला नीट प्रार्थना करता येत नाही तेव्हा पवित्र आत्मा शब्दांपलीकडच्या कण्हण्यानं आपल्यासाठी मध्यस्थी करतो. दादा प्रार्थना करू शकत नाही असं तुम्ही म्हणता. त्याची प्रार्थना आपल्याला ऐकू येत नाही, इतकंच मी खात्रीनं म्हणेन. आणि तुमची शनिवारची दाढी मला त्या पाठातल्या यादीपेक्षा उत्पत्तीच्या जास्त जवळची वाटते. पृथ्वी सांभाळायचं काम माणसाला दिलं, त्यात हेही आलं.

कोणता दादा भेटेल? या प्रश्नावर मी बराच वेळ थांबले. आपण उपासनेतल्या विश्वासाच्या कबुलीत ‘शरीराचं पुनरुत्थान’ म्हणतो. नुसत्या आत्म्याचं म्हणत नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल म्हणतो की अशक्तपणात पेरलेलं सामर्थ्यात उठवलं जातं. पेरलेलं आणि उठलेलं वेगळं दिसतं, तरी ते दुसऱ्या कुणाचं नसतं. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या. थोमाला त्यानं त्या दाखवल्या. घाव बरे झाले, पण घडून गेलेलं पुसलं गेलं नाही. म्हणून मला वाटतं, अपघातापूर्वीचा दादा परत मिळेल आणि ही तीन वर्षं कापून टाकली जातील, असं होणार नाही. या वर्षांतला दादाही देवाचाच आहे, तोही बरा होऊन भेटेल. ज्याला आज तुमचं नाव आठवत नाही, त्याला देव विसरलेला नाही. आपली ओळख आपल्या आठवणीत साठवलेली असती तर आपल्यापैकी प्रत्येकाची ती रोज रात्री झोपेत गेली असती. ती देवाच्या आठवणीत आहे. ‘मर्त्य मानव तो काय की तू त्याची आठवण करावी,’ असं आठवं स्तोत्र विचारतं, आणि आठवण करणारा तिथे देव आहे.

वर्ग सोडू नका. तुम्ही पुन्हा जा आणि मुलांना सरळ सांगा की मागच्या वेळी मी कारणं सांगितली ती पुरेशी नव्हती. मग यशयाचा त्रेचाळिसावा अध्याय उघडा, जिथे देव म्हणतो की मी तुला तुझ्या नावानं हाक मारलीय, तू माझा आहेस. प्रत्येक मुलाचं नाव फळ्यावर लिहा आणि त्यात दादाचंही लिहा. वर्गात तोतरं बोलणारं एखादं मूल असेल, पाढे न येणारं असेल, त्याच्या चेहऱ्याकडे बघा. तुमच्या जुन्या यादीत ते मूलही कुठेतरी शेवटी उभं होतं. हा पाठ तुमच्याइतका नीट शिकवणारं सध्या तुमच्या मंडळीत कोणी नसेल.

हे सदर इतर धर्मांचे वाचकही वाचतात आणि अशी घरं सगळीकडे आहेत. विसराळू झालेली आजी, जन्मापासून न बोलणारा पुतण्या, झटक्यानंतर एका कुशीवर पडलेले वडील. ‘आता त्यांच्यात काही राहिलं नाही’ हे वाक्य बेळगावात, चिकोडीत, निपाणीत कुठल्याही ओसरीवर ऐकू येतं. शक्य असेल तर ते त्या माणसाच्या समोर तरी बोलू नका. किती कळतं आणि किती नाही, हे बाहेरून कुणालाच नक्की सांगता येत नाही.

राहता राहिल्या तुम्ही. माणूस असण्याचा एक भाग मर्यादा हाही आहे, आणि तो तुम्ही स्वतःला लागू करत नाही. एलीया भविष्यवादी रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. त्याला खायला भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. त्याचं पुढचं काम नंतर आलं. आठवड्यातली एक दुपार तुमची हवी. मंडळीतल्या बायकांना ‘काही मदत लागली तर सांगा’ असं म्हणायची सवय असते. तुम्ही सांगाच : गुरुवारी दोन ते सहा दादाजवळ बसा. फार भरून आलं तर १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही आणि कानडीतही. दादाला सांभाळणाऱ्यांनीही तिथे फोन करायला हरकत नाही.

पुण्याच्या स्थळाला दादासाठी म्हणून नकार देऊ नका. मुलगा पसंत नसेल तर वेगळी गोष्ट. पहिल्याच भेटीत त्या मंडळींना सगळं सांगा, दादाला दाखवा, आणि लग्नानंतर महिन्यातून इतके दिवस मी इकडे येणार, त्याच्या औषधाला इतके पैसे देणार, हे स्पष्ट ठरवा. ऐकून ते मागे हटले तर आधीच कळलेलं बरं. आईंचं वय बघता त्यांच्यानंतर दादाचं कोण करणार हे काका, मामा, मंडळी यांच्यासोबत बसून आत्ताच बोलायला हवं, तुमचं लग्न होवो न होवो.

आणि एक काम राहिलंय असं पत्रावरून दिसतं. दादाचं दिव्यांग प्रमाणपत्र काढलेलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरलेत. डोक्याच्या दुखापतीनंतर राहिलेली अवस्था त्यातल्या कुठल्या प्रकारात बसते ते डॉक्टर ठरवतील. अपघाताची कागदपत्रं, डिस्चार्ज कार्ड, मेंदूच्या स्कॅनचे रिपोर्ट, आधार आणि फोटो घेऊन यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी) ऑनलाइन अर्ज भरा, आणि तपासणीसाठी बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात कोणत्या दिवशी यायचं ते विचारून घ्या. पेन्शन, प्रवासाची सवलत, पुढे पालकत्वाचे कागद, सगळीकडे आधी हेच कार्ड मागतात. तपासणीला गर्दी असते आणि दादाला गर्दी सोसत नाही. म्हणून सकाळी लवकर नंबर लावायला तरुण संघातल्या कुणाला तरी पुढे पाठवा आणि नंबर जवळ आला की दादाला न्या.

तुमची,
सल्लागार